आधी पॅड, मग सायकल!



आपल्या हॉस्टेलच्या स्टँडवर डिस्क ब्रेकच्या सायकली किती आहेत, कधी मोजल्यात? मी मागच्या रविवारी मोजल्या. चौतीस सायकलींपैकी तेरा डिस्कवाल्या, आणि त्या तेरांपैकी सहा हायड्रॉलिक. सहाही रोड बाइक, सहाही घरच्यांनी "सी.ई.टी.ला बरे मार्क पडले" किंवा "निदान मोटरसायकल तरी मागत नाही" म्हणून घेऊन दिलेल्या. मग मी सहाही मालकांना एकच प्रश्न विचारला : तुझ्या ब्रेकला पॅड कुठला लागतो? पाचजणांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण व्हायवाला एक्स्टर्नलकडे पाहतो. सहावा म्हणाला, "शिमानोचा." हे म्हणजे मेडिकलच्या दुकानात जाऊन "सिप्लाची गोळी द्या" म्हणण्यासारखं झालं!

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक ही उत्तम चीज आहे, माझ्याकडे आहे, मी ती सोडणार नाही. पण ज्या गावात त्याचा पॅड आणि त्याचं तेल लागेल तेव्हा मिळत नाही, त्या गावात ही सायकल घेताना स्पेअरचा विचार सायकलच्या आधी करायला हवा. नंतर नाही. आणि नाशिक, आपण कितीही 'सायकलिंगची राजधानी' म्हणवून घेतलं तरी, या बाबतीत अजून त्याच गावांपैकी आहे.

भाषेबद्दल आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, आणि मराठी विभागाचे संपादक म्हणाले की इंग्रजी शब्द जमेल तिथे टाळ. मी प्रयत्न केला. 'द्रवचलित चकती गतिरोधक' असं एकदा लिहूनही पाहिलं. पण हा शब्द घेऊन तुम्ही बाजारात गेलात तर दुकानदार तुम्हाला नगरपालिकेत जाऊन रस्त्यावर उंचवटा मागायला सांगेल. म्हणून पॅडला पॅड आणि ऑइलला ऑइलच म्हणते.

आता ज्या सरांनी आयुष्यभर रॉड ब्रेकची काळी सायकल चालवली त्यांच्यासाठी दोन शब्द. रोड बाइक म्हणजे बारीक टायर आणि खाली वळलेलं हँडल असलेली सायकल. तिच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये तार नसते. लिव्हरमध्ये छोटा मास्टर सिलेंडर, त्यातून नळी, नळीत तेल, आणि खाली चाकाच्या दांड्याजवळ कॅलिपर. लिव्हर दाबली की पास्कलचा नियम आपलं काम करतो (एफ.ई.ला आपण तो पाठ केला आणि विसरलो), कॅलिपरमधले पिस्टन पुढे येतात आणि दोन पॅड मिळून मधली स्टीलची चकती, म्हणजे रोटर, पकडतात. दोन बोटांत सायकल थांबते. पावसातही थांबते. रिमला रबर घासणारे ब्रेक पावसात आधी पाणी पुसतात आणि मग थांबायचा विचार करतात, हे जुलैत त्र्यंबकला जाऊन आलेल्या कोणालाही विचारा.

हे ब्रेक का हवेत याचा हिशेब आपला आपण मांडू. इगतपुरीपासून कसाऱ्यापर्यंत घाटाचा उतार उंचीत साधारण ३०० मीटरचा आहे. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरा. एम.जी.एच. केलं की जवळजवळ २५० किलोज्यूल येतात. पाऊण लिटर पाण्याची बाटली साध्या तापमानावरून उकळायला लागते जवळपास तेवढी ही ऊर्जा! त्यातली बरीचशी वारा खातो, हे कबूल. पण जी उरते ती त्या दोन चकत्या आणि नखाएवढ्या चार पॅडमधून बाहेर पडते. घाटात ट्रकच्या लायनरचा जळका वास येतो ना, तीच गोष्ट आपल्याही चाकात चाललेली असते, फक्त आपल्याला वास येत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट, जी विकणारा कधी सांगत नाही. तारेच्या ब्रेकमध्ये पॅड झिजला की लिव्हर हळूहळू जास्त आत जायला लागते. हँडलला टेकायला आली की आपल्याला कळतं. तारेचा ब्रेक बिचारा आधी ओरडून सांगतो. हायड्रॉलिकमध्ये तसं होत नाही. कॅलिपरच्या पिस्टनभोवती चौकोनी छेदाची रबरी सील असते. ब्रेक दाबला की ती किंचित पिळली जाते आणि सोडला की पिस्टनला तेवढंच मागे ओढते. पॅड झिजला तर पिस्टन सीलमधून थोडा पुढे सरकून बसतो आणि वरच्या टाकीतलं तेल खाली येऊन ती जागा भरतं. म्हणजे ब्रेक स्वतःच स्वतःला ॲडजस्ट करून घेतो. किती छान! पण याचा दुसरा अर्थ काय? लिव्हर पहिल्या दिवशी जशी लागत होती तशीच शेवटच्या दिवशीही लागते, आणि मग एके दिवशी पॅडचं मटेरियल संपतं आणि मागची लोखंडी पट्टी रोटरवर किंचाळायला लागते. ब्रेक आपल्याला काही सांगणार नाही. आपण वाकून, चाक काढून, बघायचं. शिमानो म्हणते की घर्षणाचा थर ०.५ मिलिमीटर उरला की पॅड बदला. अर्धा मिलिमीटर म्हणजे साधारण पाच कागद एकावर एक!

आता या दोन गोष्टी जोडा. झीज दिसत नाही, आणि झीज दिसली त्या दिवशी नाशिकमध्ये पॅड मिळेलच असं नाही. मधल्या काळात तुम्ही काय करणार? आपण सगळे जाणतो काय करतो ते. "चालतंय रे अजून," म्हणून चालवतो.

माझ्या पॅडची वेळ आली तेव्हा मी शहरातली चार दुकानं फिरले. पहिल्यात "ऑर्डर करावं लागेल." दुसऱ्यात त्यांनी माझ्याबरोबर आलेल्या भावाला समजावून सांगितलं (सायकल माझी, भावाला पंक्चरही काढता येत नाही!) की मॅडमच्या सायकलला हा पॅड बसेल. तो पॅड माउंटन बाइकचा होता, आकारच वेगळा. तिसऱ्यात म्हणाले, फोटो व्हॉट्सॲपवर टाका, बघून सांगतो. अजून बघतायत. चौथे काका प्रामाणिक होते. म्हणाले, "बाळा, आम्ही हे ठेवत नाही, वर्षात दोन गिऱ्हाइकं येतात, माल पडून राहतो." शेवटी बाहेरून मागवला, एका चाकाची जोडी सोळाशे रुपये आणि पाच आठवडे. या पाच आठवड्यांत मी हॉस्टेल ते कॉलेज, सपाट रस्ता, एवढंच चालवलं.

चौथ्या काकांचं मला काहीही चुकीचं वाटत नाही. दुकानदाराला शिव्या देणं सोपं असतं. पण पॅडचे एवढे आकार असताना तो तरी काय काय ठेवेल? आणि इथे आपण, म्हणजे गिऱ्हाईक, स्वतःच्या सायकलबद्दल काहीच माहीत करून न घेता गेलो की त्याचंही काम अवघड होतं.

खरं तर चित्र वाटतं तेवढं भयंकर नाही. शिमानोच्या रोड हायड्रॉलिकमध्ये टियाग्रापासून १०५, अल्टेग्रा, थेट ड्युरा-एसपर्यंत फ्लॅट माउंट कॅलिपरना एकाच आकाराच्या कुटुंबातले पॅड बसतात. जुन्यांच्या नावात 'के', नंतरच्यांत 'एल'. एल०३ए, एल०५ए वगैरे. म्हणजे लाखाच्या सायकलचा आणि चार लाखांच्या सायकलचा पॅड भाऊभाऊच! स्वस्त माउंटन बाइकचे 'बी'वाले पॅड वेगळे, ते इथे बसत नाहीत. मात्र तार असलेली पण कॅलिपरमध्ये तेल असलेली टी.आर.पी.ची हाय-आरडी जातीची ब्रेक ज्यांच्या सायकलला आहेत त्यांना तोच माउंटनवाला साधा आकार लागतो, आणि तो मिळायला बराच सोपा आहे. एसरामवाल्यांचा आकार आणखी निराळा, त्यातही मॉडेलप्रमाणे फरक. म्हणून दुकानात जाताना जुना पॅड खिशात घालून न्यावा आणि कॅलिपरवर कोरलेला नंबर लिहून न्यावा. फोटोपेक्षा हातातला पॅड खरा.

रोटरचंही एक. आकार १४० किंवा १६० मिलिमीटर, आणि बसवायच्या दोन पद्धती : सहा स्क्रू, नाहीतर मधोमध दात असलेलं सेंटर लॉक. एकाच्या हबवर दुसरा बसत नाही. शिमानोचा नवा रोटर १.८ मिलिमीटर जाड असतो आणि १.५ झाला की रिटायर. हे रोटरवरच लिहिलेलं असतं, पण अक्षरं इतकी बारीक की चष्मेवाल्यांनी नाद सोडावा. मोजायला आपल्या मेट्रॉलॉजी लॅबमध्ये मायक्रोमीटर आहे. वर्षभर आपण त्याने त्याच त्या पिनचा व्यास मोजतो, एक दिवस काहीतरी उपयोगाचं मोजू. काही स्वस्त रोटरवर 'फक्त रेझिन पॅड' असंही छापलेलं असतं. त्यावर मेटलचा पॅड लावला तर पॅड जास्त टिकतो आणि रोटर कमी. विकणारा तुम्हाला पॅड टिकतो एवढंच सांगेल.

आता तेल. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण खरा लोचा इथे होतो.

शिमानो आणि कॅम्पाग्नोलो आपल्या रोड ब्रेकमध्ये मिनरल ऑइल वापरतात. एसरामच्या रोड ब्रेकमध्ये वर्षानुवर्षं डॉट ५.१ आहे, म्हणजे मोटारीच्या आणि मोटरसायकलच्या ब्रेक ऑइलच्याच जातीचं. दोन्ही तेलं आपापल्या जागी चांगली. डॉटचं तेल ग्लायकॉल इथरचं, ते हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ चा उकळबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश आणि पाणी प्यायल्यावर किमान १५५ अंश. डॉट ५.१ चे हेच आकडे २६० आणि १८०. म्हणून ते ठरावीक काळाने बदलायचं. मिनरल ऑइल पाणी पीत नाही, पण आत पाणी शिरलंच तर ते तेलात न मिसळता सगळ्यात खाली जाऊन बसतं, आणि सगळ्यात खाली असतो कॅलिपर, म्हणजे सगळ्यात गरम जागा! त्यामुळे तेही अमर नाही. ते असो. भांडण तेलांचं नाही, रबराचं आहे. मिनरलवाल्या ब्रेकमधल्या सील साधारणपणे नायट्राइल रबराच्या असतात, डॉटवाल्यांच्या ई.पी.डी.एम.च्या. एकाचं तेल दुसऱ्यात घातलं की रबर फुगतं, मऊ पडतं, आणि पिस्टन अडकतो नाहीतर तेल गळतं. लगेच होत नाही, हीच गंमत. पहिल्या दिवशी ब्रेक मस्त लागतो.

आमच्या मजल्यावरच्या एका मैत्रिणीने मागच्या वर्षी जुनी रोड बाइक घेतली. ब्रेक जरा स्पंजसारखा लागत होता, आत हवा गेलेली. ती सायकल घेऊन एका मोटरसायकलच्या गॅरेजमध्ये गेली. मी बरोबर होते. मी विचारलं, "दादा, यात मिनरल ऑइल लागतं, तुमच्याकडे आहे का?" दादा हसले. म्हणाले, "ताई, ब्रेक ऑइल म्हणजे ब्रेक ऑइल. विमानात पण हेच टाकतात." (विमानात हे टाकत नाहीत. इथून वीसेक किलोमीटरवर ओझरला एच.ए.एल. आहे, तिथे डॉट ४ ची बाटली घेऊन गेलात तर गेटवरूनच परत पाठवतील.) मी मैत्रिणीला परत न्यायला सांगितलं. पण पुढच्या आठवड्यात सबमिशन होतं, ट्रेक होता, आणि मला न सांगता तिने ते करून घेतलंच. शंभर रुपयांत काम झालं. ब्रेक दगडासारखा! दीड महिन्याने लिव्हर दाबली की परत यायला कुरकुरायला लागली. मग एका सकाळी ती परत आलीच नाही, चाक जाम. नशीब, स्टँडवर होती, नांदुरीहून सप्तशृंगी गडाच्या घाटात नव्हती.

पुढे जे कळलं ते माझ्यासाठी या सगळ्यातलं सर्वात मोठं आश्चर्य होतं. आम्ही म्हटलं, ठीक आहे, सील फुगल्या, सील बदलू. पण शिमानो या सील, हे पिस्टन सुटे विकतच नाही. कॅलिपर गेला की अख्खा कॅलिपर. लिव्हरमधला मास्टर सिलेंडर गेला की अख्खी लिव्हर, आणि रोड बाइकच्या लिव्हरमध्ये गिअर बदलायची यंत्रणाही असते, म्हणजे गिअर शिफ्टरसकट! दहा-वीस रुपयांचं रबर आणि त्यासाठी सेमिस्टरच्या मेसच्या बिलाएवढा खर्च. एसराम निदान काही कॅलिपरचे पिस्टन किट आणि लिव्हरचे काही आतले भाग विकते. याबाबतीत त्यांना एक मार्क जास्त.

आता ही तुलना बघा. पल्सर २००१ साली आली, पुढे डिस्क ब्रेक घेऊन. आज एखाद्या तालुक्याच्या गावी जाऊन "पल्सरची कॅलिपर किट द्या" म्हणा. पुडीत बांधून सील, बूट सगळं देतील, वर विचारतील, "मास्टर सिलेंडरची पण देऊ का?" २०१९ पासून १२५ सी.सी.च्या वरच्या दुचाकींना ए.बी.एस. सक्तीचं झालं, त्यामुळे डिस्क ब्रेक आता घरोघरी आहे. आणि हे ब्रेक बनतात कुठे? छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला एन्ड्युरन्स ते बनवते. पुण्याजवळ चाकणला ब्रेम्बो बनवते, तेच ब्रेम्बो ज्याचं नाव रेसिंगच्या गाड्यांवर बघून आपल्या पोरांच्या तोंडाला पाणी सुटतं. आपल्या अंबडमध्ये गॅब्रियल शॉक ॲब्सॉर्बर करते, तेही पिस्टन, सील आणि तेलाचंच काम. सातपूरला बॉश (जुने लोक अजून 'मायको'च म्हणतात) डिझेल इंजिनाचे नोझल करते, जिथे हिशेब मायक्रॉनमध्ये चालतो. म्हणजे हायड्रॉलिक्समध्ये अडाणी असलेला हा प्रदेश नाही! नाशिकपासून दोन-सव्वादोनशे किलोमीटरच्या आत जगातल्या मोठ्या दुचाकी कंपन्यांना ब्रेक पुरवणारे कारखाने आहेत, आणि आपल्या सायकलचा बोटाच्या पेराएवढा पॅड मात्र पाच आठवड्यांनी समुद्र ओलांडून येतो.

कारण सरळ आहे : संख्या. मोटरसायकली लाखोंनी विकल्या जातात, रोड बाइक हजारांत. हे मला कळतं. पण फक्त संख्या हेच कारण असतं तर सुट्या सील कुठेच मिळायला नकोत. त्या युरोपातल्या सायकलस्वारालाही शिमानोकडून मिळत नाहीत. तिथे कारण वेगळं आहे. दुरुस्त होण्यासारखी वस्तू दुरुस्त होऊ द्यायची की नाही, हा कंपनीने घेतलेला निर्णय आहे. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' यावर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं घेतली. सायकल कशात बसते? मला तरी कशात बसलेली दिसली नाही. ज्या देशात दूधवाला, पेपरवाला, शाळेतली पोर सायकलवर जाते तिथे सायकल या यादीत हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

काहीजण म्हणतील, हे नवीन आहे, हळूहळू होईल. किती नवीन? एसरामने रोडचे हायड्रॉलिक ब्रेक २०१३ मध्ये आणले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते सगळे परत मागवले, कारण कडाक्याच्या थंडीत सील दाब धरत नव्हत्या. (बघा, पुन्हा सीलच!) शिमानोचेही २०१३ चेच. युसीआय, म्हणजे सायकल रेसिंगची जागतिक संघटना, तिने २०१५ च्या ऑगस्टमध्ये व्यावसायिक शर्यतींत चाचणी सुरू केली, २०१६ मध्ये पॅरिस-रुबेच्या शर्यतीत एक जण जखमी झाल्यावर थांबवली, २०१७ मध्ये पुन्हा सुरू केली आणि १ जुलै २०१८ पासून सगळ्या रोड शर्यतींत कायमची परवानगी दिली. याच काळात नाशिकचं नाव जगात गेलं. २०१५ च्या जूनमध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या टीमने 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली आणि २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. सुमारे ४८०० किलोमीटर! त्यानंतर गंगापूर रोडला पहाटे सायकली दिसायला लागल्या. आता तर दरवर्षी नाशिकहून पंढरपूरला सायकलची वारी जाते. सायकली आल्या, जर्सी आल्या, चारशे रुपयांच्या बाटल्या आल्या. पॅड मागे राहिले.

"मग ऑनलाइन मागव ना, रडतेस कशाला?" हा आमच्या वर्गातला आवडता सल्ला. मागवते, दुसरा उपाय नाही. पण २०२० च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने अलीएक्सप्रेस बंद केलं तेव्हापासून स्वस्त पॅडचा तो रस्ता बंद आहे, आणि इतर ठिकाणी 'शिमानो कम्पॅटिबल' असं लिहून जे विकतात त्याचं मटेरियल काय आहे हे देवाला ठाऊक. दुसऱ्या कंपनीचा पॅड वाईट असतोच असं नाही, चांगल्या कंपन्या आहेत. पण ज्याच्या पाकिटावर ना बनवणाऱ्याचं नाव ना पत्ता, तो घंटी किंवा स्टँड असता तर मी घेतला असता. ब्रेक नाही. एक चांगली बातमीही सांगायला हवी : २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जी.एस.टी. १२ वरून ५ टक्के झाला. काही रुपये वाचतील. पाच आठवडे वाचणार नाहीत.

दुसरा सल्ला घरातल्या मोठ्यांचा : "मग साधे ब्रेक घ्यायचे." हा मी हसण्यावारी नेणार नाही. मेसच्या काकांच्या सायकलचं ब्रेकचं रबर गल्लीतल्या पंक्चरवाल्याकडे मिळतं, आणि काका गेली कित्येक वर्षं कधी ब्रेकसाठी अडले नाहीत. तुम्ही फक्त हॉस्टेल, कॉलेज आणि कॉलेज रोडची टपरी एवढंच फिरणार असाल तर रिम ब्रेकच घ्या, खुशाल घ्या, मित्र काय म्हणतील याचा विचार करू नका. निम्म्या पैशात काम होईल. हायड्रॉलिक घ्या ते घाट उतरणार असाल, पावसात चालवणार असाल तर. आणि मग सायकलबरोबर त्याच दिवशी, त्याच बिलात, दोन्ही चाकांचे पॅड, योग्य तेलाची छोटी बाटली आणि नळीचे ऑलिव्ह आणि इन्सर्ट घ्या (नळी कापली की हे दोन्ही नवे लागतात, जुने पुन्हा वापरायचे नसतात). दुकानदार हे देऊ शकत नसेल तर तो सायकल विकतोय, ब्रेक विकत नाहीये. दुसरं दुकान बघा. पन्नास हजाराच्या वर जाऊन आपण रंगावर चर्चा करतो, तेवढीच चर्चा यावर करा.

आता थोडं आपल्या घरात. प्रिन्सिपल सर आणि वॉर्डन मॅडम हे वाचत असतील तर विनंती आहे. हॉस्टेलच्या ऑफिसात कॅरमच्या सोंगट्या आणि इस्त्री ठेवलेलं जे कपाट आहे, त्यात एक कप्पा सायकलसाठी द्या. त्यात एक लिटर मिनरल ऑइल (एका वेळी थोडंसंच लागतं, सगळ्यांचं वर्षभर भागेल), ब्लीड करायची फनेल आणि सिरिंज, आणि 'एल' जातीच्या पॅडच्या दोन जोड्या. जो वापरेल त्याने पैसे भरून नवीन मागवून ठेवायचा. सहा सायकलींसाठी एवढं पुरतं. सहाजणांनी दीड-दोनशे काढले तर सुरुवातीचं तेल येतं, मी माझे द्यायला तयार आहे.

आणि मेकॅनिकलच्या सरांना एक सुचवते, रागावू नका. दरवर्षी बी.ई.ला सोलर सायकल किंवा पेडल मारून पाणी उपसायचा पंप असे प्रोजेक्ट होतात आणि एप्रिलनंतर वर्कशॉपच्या मागे गंजतात. त्याऐवजी एक ग्रुप बाजारातल्या चार प्रकारच्या पॅडची झीज आणि घर्षण मोजू दे. रोटर आहे, मोटर आहे, वजनकाटा आहे, थर्मोकपल आहे. अंबडच्या एखाद्या व्हेंडरला ते आकडे दाखवले आणि त्याने शंभर जोड्या करून पाहिल्या तरी ती सोलर सायकलपेक्षा मोठी गोष्ट होईल.

शेवटी आपल्या बाहा टीमच्या मुलांसाठी. तुमच्या गाडीच्या ब्रेकसाठी वर्कशॉपमध्ये डॉट ४ च्या बाटल्या असतात, आणि तुम्ही मनाचे मोठे आहात, रात्री अकराला कोणी सायकल घेऊन आलं तर नाही म्हणत नाही. इथून पुढे म्हणा. आधी लिव्हरच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचा, 'मिनरल ऑइल' असेल तर त्याला आमच्या मजल्यावर पाठवा. तेवढ्यासाठी वॉर्डन मॅडम ओरडल्या तर मी बघून घेईन. आणि बाटल्यांवर मार्करने मोठं नाव लिहा, कारण दोन्ही तेलं चिकट आहेत, दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात, आणि वर्कशॉपमधला तो ट्यूबलाइट अजून दुरुस्त झालेला नाही.

– टी.ई. मेकॅनिकल, मुलींचं वसतिगृह